दुधाची पिशवी वितळवू नका, कापा

चिपळूणजवळच्या एका गावातून एका ताईंचा प्रश्न आलाय. बचत गटात अकरा जणी आहेत, वर्षभर दुधाच्या पिशव्या, चिप्सची पाकिटं, कॅरीबॅगा असं पोत्यांनी साठवलंय. त्यांनी एक व्हिडिओ बघितला, त्यात एक माणूस कढईत प्लास्टिक वितळवतो, वाळू मिसळतो आणि साच्यात घालून कुंड्या आणि पेव्हर ब्लॉक पाडतो. तसं अंगणात करता येईल का, नाहीतर घरात वापरता येईल असं दुसरं काय बनवता येईल, विकलं जाईल का, आणि मशीनला किती खर्च येईल, असं विचारलंय. मी पुण्यात चौदा वर्षं प्लास्टिकच्या पिशव्या विणायचं काम करतेय, आठ बायका माझ्याबरोबर आहेत, त्यामुळे जरा सविस्तरच सांगते.

सगळ्यात आधी ती कढई चुलीवर ठेवू नका ताई. हे मी पुस्तकातलं सांगत नाही. सुरुवातीच्या वर्षी मीही पत्र्याच्या डब्यात पिशव्या वितळवल्या होत्या, व्हिडिओ नव्हता पण कुणीतरी सांगितलं होतं की सोपं आहे. पिशव्यांच्या गठ्ठ्यात पीव्हीसीच्या वायरचं आवरण आणि थोडा थर्माकोल गेला होता, मला कळलंच नाही. दोन मिनिटात असा धूर झाला की माझ्याबरोबरच्या बाईला खोकला थांबेना, डोळ्यांतून पाणी, आणि दुसरीच्या मनगटावर एक थेंब उडाला तो गुळाच्या पाकासारखा चिकटला, काढायला गेलो तर कातडी बरोबर आली. तो डाग अजून आहे तिच्या हातावर. त्या दिवसापासून माझ्याकडे आग बंद.

कारण काय ते पण समजून घ्या, म्हणजे गटातल्या बाकीच्यांना पटवता येईल. प्रत्येक प्लास्टिक वेगळ्या तापमानाला वितळतं. दुधाच्या पिशवीचं एलडीपीई साधारण १०५ ते ११५ अंशाला, कुरकुर वाजणाऱ्या कॅरीबॅगेचं एचडीपीई १३० च्या आसपास, कपड्यांच्या पारदर्शक पाकिटाचं पीपी १६० ला, आणि पाण्याच्या बाटलीचं पेट तर २५० च्या वर. कढईत हे सगळं एकत्र टाकलं की बाटलीचा तुकडा वितळायच्या आधी पिशवी जळायला लागलेली असते. पीव्हीसी तापलं की हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू निघतो आणि जळलं तर डायॉक्सिनसारखी विषं तयार होतात, थर्माकोलमधून स्टायरीन निघतं. कारखान्यात हेच काम होतं, पण तिथे तापमान धरून ठेवणारा एक्स्ट्रूडर, म्हणजे प्लास्टिक वितळवून पुढे ढकलणारं यंत्र असतं, धूर खेचून गाळायची सोय असते, प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. अंगणात यातलं काहीच नसतं आणि शेजारी आपलीच पोरं खेळत असतात.

आता तुमची पोती रिकामी करा आणि वेगळं करा. इथे माझा एक नियम आहे आणि त्यावर मी भांडतेसुद्धा: ज्या प्लास्टिकला भंगारात चांगला भाव आहे त्याला आपण हात लावायचा नाही. पाण्याच्या बाटल्या, शाम्पूचे डबे, मोडक्या बादल्या, खुर्च्या, हे सगळं कचरा वेचणाऱ्या बायकांचं उत्पन्न आहे. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ पासून या बायकांसाठी काम करतेय, त्यातूनच पुढे स्वच्छ ही त्यांची सहकारी संस्था उभी राहिली, तिथल्या बायका तुम्हाला एका नजरेत सांगतील कुठलं प्लास्टिक विकलं जातं आणि कुठलं नाही. बाटलीचं पेट कारखान्यात जाऊन त्याचा पॉलिस्टर धागा होतो, पीपीच्या मालाच्या चटया होतात, आपल्या जळगावचा चटई उद्योग अशा मालावर मोठा झालाय. बाटली अर्धी कापून तिची कुंडी केली की आपण त्या साखळीतून चांगला माल काढून घेतो, आणि ती कुंडी उन्हात ठिसूळ झाली की तिचे तुकडे कुणीच उचलत नाही. म्हणून आपलं काम हलक्या, उडणाऱ्या, भाव नसलेल्या प्लास्टिकचं: पातळ पिशव्या, पाकिटं, ऑनलाइन पार्सलची वेष्टनं. दुधाच्या पिशवीला थोडा भाव आहे, २०१८ च्या राज्याच्या प्लास्टिकबंदीत तर एका पिशवीमागे ५० पैसे परत द्यायची तरतूद होती, त्यामुळे तुमच्या गावात कुणी बाई त्या गोळा करत असेल तर तिच्याकडून विकत घ्या, फुकट मागू नका. मी घेते.

ओळखायला सोपं आहे. हातात चुरगाळा, कुरकुर आवाज आला तर बहुतेक एचडीपीई, मऊ आणि ओढल्यावर ताणली जाणारी ती एलडीपीई, एकदा कट बसला की चर्रकन सरळ फाटत जाणारी ती पीपी. शंका आली तर तुकडा पाण्यात टाका, बुडाला की बाजूला ठेवा, पॉलिथिन (म्हणजे एलडीपीई आणि एचडीपीई दोन्ही) आणि पीपी तरंगतं, पीव्हीसी आणि पेट बुडतं. फक्त तुकडा पाण्याखाली नीट दाबून हवेचे बुडबुडे काढा, नाहीतर सगळंच तरंगताना दिसतं.

धुणं हाच खरा धंदा आहे बघा. बायका शिकायला येतात आणि पहिल्या दिवशी माग मागतात, मी त्यांना बादली देते. वस्तू कितीही सुंदर झाली आणि आठ दिवसांनी तिला आंबट वास आला तर ते गिऱ्हाईक पुन्हा येत नाही, आणि दहा जणांना सांगतं ते वेगळंच. दुधाची पिशवी रिकामी झाली की त्याच दिवशी गार पाण्याने खळबळून घ्यायची, आधी गरम पाणी नाही, गरम पाण्याने दुधातली प्रथिनं आतून चिकटतात. ते पहिलं पाणी झाडांना घाला. मग वरची आणि खालची शिवण कापून पिशवी दोन्ही बाजूंनी उघडी करायची, म्हणजे कोपऱ्यात साय राहत नाही. मग कोमट पाण्यात धुण्याचा सोडा, अर्धा तास भिजत, परत दोन पाण्यातून काढायची आणि दोरीवर चिमट्याने. कडक उन्हात दिवसच्या दिवस ठेवायची नाही, ऊन प्लास्टिकला कमजोर करतं, पाणी निथळेपर्यंत दोन तास बास आहे. तुमच्याकडे पावसाळ्यात वाळणार नाही हे मला माहितीये, तेव्हा पावसाळ्यात नुसतं विणायचं, आणि धुवायचं काम दिवाळी ते मे उरकायचं असं वर्ष आखा. ओलसर पिशव्यांचं पोतं बांधून ठेवलं तर आत काळी बुरशी येते आणि ते पोतं मग खरंच कचरा होतं.

आणि एक बारीक गोष्ट, जी मला सगळ्यात मोठी वाटते. दूध काढताना पिशवीचा कोपरा आपण कापून टाकतो, तो नखाएवढा तुकडा कुठे जातो? सिंकमधून गटारात, गटारातून नदीत. तो कुणी वेचू शकत नाही. अर्धाच काप द्या, तुकडा पिशवीला लटकू द्या. तुमच्या गावात दारोदार सांगण्यासारखी ही एकच गोष्ट असेल तर हीच सांगा. २०२१ च्या जुलैत वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं होतं, असा पूर ओसरल्यावर काठावरच्या झाडांना काय लटकलेलं असतं ते तुम्हाला मी काय सांगायचं.

कापायची पद्धत. दोन्ही शिवणी काढल्या की पिशवीची नळी राहते. ती नळी एका कडेने तिरकी कापायला सुरुवात करायची आणि गोल गोल कापत जायचं, जशी मोसंबीची साल एकसलग काढतात तशी. माझ्याकडच्या अर्ध्या लिटरच्या पिशवीचा घेर ३१ सेंटिमीटर आणि शिवणी काढून उंची १५, दोन सेंटिमीटरची पट्टी काढली तर सव्वादोन मीटरच्या जवळपास लांब एकसंध पट्टी निघते. कॅरीबॅगेला हँडल आणि तळ काढून आडवे गोल कापायचे आणि एका रिंगणातून दुसरं ओवून गाठ ओढायची. कात्री चांगली घ्या, शिंप्याची, आणि ती फक्त प्लास्टिकलाच वापरा. पट्टी एकसारखी रुंद आली पाहिजे, इथे हात बसायला पंधरा दिवस लागतात, त्या पंधरा दिवसांचा माल घरातच ठेवा, विकू नका.

आता या पट्टीचं तीन प्रकारे काही करता येतं आणि तिन्हीत आग पेटवावी लागत नाही.

पहिला प्रकार विणकाम. पुण्यात रीचरखा, इकोकारी या मंडळींनी हे फार सुंदर करून दाखवलंय, चरख्यावर पट्टीची कांडी भरायची आणि हातमागावर ताणा (उभे धागे) सुताचा किंवा पॉलिस्टरचा आणि बाणा (आडवे धागे) प्लास्टिकचा घालून कापड विणायचं, त्याच्या पिशव्या, पाकिटं, टेबलमॅट करायचे. मला हे एका सोलापूरच्या निवृत्त विणकराने शिकवलं, आयुष्यभर चादरी विणलेला माणूस, पहिल्यांदा प्लास्टिक हातात घेतल्यावर म्हणाला हे सूत जिवंत नाही, याला फणीने जास्त ठोकायला लागेल. अगदी बरोबर बोलला. प्लास्टिक दाबलं तरी पुन्हा फुगतं, दर ओळीला दोनदा ठोकलं नाही तर महिन्याभरात विण सैल पडते. तुम्ही माग घ्यायच्या भानगडीत आत्ता पडू नका, जुन्या खिडकीची लाकडी चौकट घ्या, वरखाली एक एक सेंटिमीटरवर खिळे मारा, ताणा भरा आणि हाताने ओवून पायपुसणी करा. तुमच्याकडे ताण्याला सुती दोरा नको, कोकणच्या दमट हवेत दोन पावसाळ्यांत सडतो, माझ्याकडून रत्नागिरीला गेलेली चार पायपुसणी अशीच परत आली. नायलॉनचा घ्या.

दुसरा प्रकार क्रोशा. मोठी सुई, सहा ते आठ मिलिमीटरची, बारीक सुईने बोटं सुजतात. गोल आसनं, बाजाराची पिशवी, बाथरूममधल्या टोपल्या होतात. म्हाताऱ्या बायकांना हे पटकन जमतं कारण त्यांनी लोकरीचं केलेलं असतं, तुमच्या गटात अशा कुणी असतील तर त्यांनाच गुरू करा.

तिसरा प्रकार दोर वळणं, आणि माझा जीव यात जास्त आहे. माझे आजोबा बेंदराच्या आधी ओसरीत बसून अंबाडीचे कासरे आणि दावी वळायचे, पायाच्या अंगठ्यात टोक धरून. तीच पद्धत. दोन पदर घ्यायचे, प्रत्येक पदराला उजवीकडे पीळ द्यायचा आणि दोन्ही एकमेकांवर डावीकडे गुंडाळत जायचे, म्हणजे एक पीळ दुसऱ्याला सुटू देत नाही. पदर संपत आला की दुसरी पट्टी मधेच घालायची, गाठ नाही. या दोराने मोडक्या खुर्चीची बैठक, स्टूल, बाज विणता येते. फक्त एक लक्षात ठेवा, एलडीपीई वजनाखाली हळूहळू ताणतं, त्यामुळे बाज विणताना जेवढी घट्ट वाटेल त्याहून घट्ट विणा आणि महिन्याने नवार आवळतात तशी एकदा आवळा. कपडे वाळत घालायची दोरी मात्र याची करू नका, लोंबते. आणि झोपाळ्याला तर अजिबात नको, माणसाच्या जिवाशी खेळ नाही.

चिप्सच्या पाकिटांचं वेगळं. त्यात प्लास्टिकचे थर आणि ॲल्युमिनियमचा मुलामा असतो, थर सुटे करता येत नाहीत म्हणून भंगारवाला ते घेत नाही. म्हणजे आपल्या कामाचा सगळ्यात योग्य माल हाच. सोड्याच्या पाण्यात धुतलं नाही तर मसाल्याच्या वासाने मुंग्या लागतात, हे अनुभवाने सांगते. पाकिटाला एक चीर पडली की ते फाटत जातं, म्हणून पट्टी तीन-चार सेंटिमीटरची कापा, दोन्ही कडा आत दुमडा आणि परत मधे दुमडा, कच्ची कड कुठेच बाहेर दिसायला नको. अशा पट्ट्या एकाआड एक विणल्या, चटईसारख्या, की त्याच्या फायली, कंपास पेट्या, लॅपटॉपची पाकिटं होतात. शिवताना सुई १६ नंबरची, आणि मशीनच्या पायाखाली चिकटत असेल तर पातळ कागद ठेवून शिवा, नंतर तो फाडून काढा. टाका मोठा ठेवा, बारीक टाक्याने प्लास्टिकला तिकिटासारखी भोकं पडतात आणि तिथेच फाटतं.

लोक इस्त्री फिरवून पिशव्यांचे थर चिकटवतात तेही विचाराल. होतं ते, सहा ते आठ पातळ पिशव्या बटर पेपरच्या मधे ठेवून कमी आचेवर, पण खिडक्या उघड्या हव्यात, छपाईची बाजू आत हवी आणि पिशवी नक्की पॉलिथिनचीच हवी. जरा जास्त तापलं की वास सुटतो. घरात लहान बाळ किंवा दम्याचं कुणी असेल तर नका करू, मी स्वतः हे बंद केलंय.

आता काय बनवायचं नाही हे मी जास्त ठासून सांगते, कारण चांगल्या मनाने केलेल्या वस्तूच पुन्हा कचऱ्यात येताना बघितल्यात. भांडी घासायची घासणी नको, दर घासण्याला प्लास्टिकचे कण झडून पाण्यात जातात. गरम भांड्याखाली ठेवायचं मॅट नको, कढई थेट गॅसवरून आली तर ते कढईलाच चिकटेल. चपातीची टोपली, फळांची वाटी, खाण्याला लागेल असं काही नको, पिशवीत आधी काय काय होतं आणि छपाईची शाई कसली हे आपल्याला सांगता येत नाही. देवघराजवळचं तोरण नको, निरांजनाची ज्योत आणि पॉलिथिन हे बरोबर ठेवायच्या गोष्टीच नाहीत. उघड्या उन्हात राहील असंही काही नको, अंगणातली आसनं, गच्चीतल्या कुंड्यांची आवरणं, दोन उन्हाळ्यांत त्यांचा चुरा होतो आणि तो चुरा मातीतून कुणी गोळा करू शकत नाही. आणि फुलं, शोपीस, गणपतीची सजावट, यात वेळ घालवू नका, वर्षाच्या आत कोनाड्यात धूळ खातं आणि मग घंटागाडीत जातं. रोज हाताखाली येईल, पाच-सात वर्षं टिकेल असंच करा.

डिंक, ग्लू गन वापरू नका. विणलेली वस्तू जुनी झाली की ताणा कापून पट्ट्या सुट्या करता येतात आणि त्या पॉलिथिन म्हणून भंगारात जाऊ शकतात, चिकटवलेली वस्तू कुठेच जात नाही. माझ्या घरातलं पहिलं पायपुसणं नऊ वर्षांचं आहे, ताणा दोनदा बदलला, बाणा तोच आहे.

विकायचं म्हणाल तर हिशोब आधी कागदावर मांडा. अर्ध्या लिटरच्या पिशवीचं वजन पावणेतीन ग्रॅमच्या आसपास, म्हणजे किलोला साडेतीनशेच्या वर पिशव्या. ४५ बाय ७५ सेंटिमीटरचं चांगलं घट्ट पायपुसणं तीनशे ग्रॅमचं होतं, म्हणजे एकशे दहा पिशव्या. ज्या घरात रोज दोन पिशव्या येतात तिथे वर्षाला साडेसहा पायपुसण्यांचा माल निघतो, एवढंच. कापायला दोन तास, विणायला चौकटीवर तीन तास, धुण्याचे वेगळे. बाईच्या तासाला साठ रुपये धरले तरी तीनशे रुपये मजुरी झाली, वर ताणा, सोडा, वाहतूक. साडेचारशेच्या खाली विकलं तर तुम्ही मजुरी खिशातून घालताय. आणि बाजारात नवीन प्लास्टिकचं पायपुसणं शंभराला मिळतं, त्याच्याशी आपण भावात कधीच टक्कर देऊ शकणार नाही, तो प्रयत्नच सोडा. तुमच्या गटाने हे दान म्हणून, कचऱ्याचं काहीतरी म्हणून विकू नये, चांगलं हातविणकाम म्हणून विकावं. माझं पहिलं गिऱ्हाईक शाळा आणि छोटी हॉटेलं होती, तुमच्याकडे तर किनाऱ्यावर घरगुती निवास भरपूर आहेत, गुहागर, दापोली, वेळणेश्वर, त्यांना खोलीतल्या टोपल्या आणि पायपुसणी लागतात. दोन नमुने घेऊन स्वतः जा, फोटो पाठवून होत नाही, हातात घेतल्यावरच वजन कळतं. पहिली ऑर्डर दहाच्या वर घेऊ नका, मी एकदा दोनशे लॅपटॉप पाकिटं कबूल केली होती आणि दिवाळीत बायकांना रात्री जागवलं, त्याचं वाईट अजून वाटतं.

कच्चा माल कमी पडेल ही भीती काढून टाका. सरकारने २०२२ च्या १ जुलैपासून स्ट्रॉ, प्लास्टिकचे चमचे, ताटल्या, थर्माकोलची सजावट यांवर देशभर बंदी घातली, कॅरीबॅगेची जाडी त्याच वर्षअखेरीपासून किमान १२० मायक्रॉन केली, आपल्या राज्यात तर पिशव्यांवर २०१८ पासूनच बंदी आहे. तरी भाजीबरोबर पातळ पिशवी घरात येतेच, आणि पाकिटांवर बंदी नाहीच. मला तर मनापासून वाटतं की माझा माल संपावा, मग मी सुताचं विणेन. तोपर्यंत गटातल्या बायकांना दुकानात कापडी पिशवी न्यायला लावा, आपणच पातळ पिशवी घेऊन आपणच तिचं पाकीट करतोय असं होऊ देऊ नका.

मशीनचा खर्च म्हणाल तर आत्ता शून्य. चार शिंप्याच्या कात्र्या, दोन चौकटी, सहा-सात क्रोशाच्या सुया, सोड्याचं पोतं, आणि गटात कुणाकडे तरी असलेलं पायाचं शिलाई मशीन. सहा महिने सलग काम टिकलं, दर महिन्याला वीस-पंचवीस वस्तू विकल्या गेल्या, की मग जुना हातमाग शोधा, सोलापूर-इचलकरंजीकडे बंद पडलेले मिळतात, आणि तो बसवून द्यायला विणकराला पैसे देऊन दोन दिवस ठेवून घ्या. तोपर्यंत साठवलेली पोती उघडा, ज्यातून आंबट वास येतोय ती आधी धुवायला काढा.